सेल गळते कुठून? अल्ट्रासेंट्रिफ्यूजमधली गळती आणि ती रोखण्याची रीत

जनुकोपचाराच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. बिघडलेल्या जनुकाच्या जागी चांगलं जनुक पेशीपर्यंत पोचवायचं तर वाहक लागतो. त्यासाठी बऱ्याचदा एएव्ही नावाच्या विषाणूचं कवच वापरतात. डोळ्यांच्या एका आनुवंशिक आजारावरचं असं औषध अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं. बातम्यांत सहसा न येणारी एक अडचण मात्र या औषधांच्या पाठीशी कायम असते. कवचं तयार होतात तेव्हा सगळ्यांत जनुक भरलं जात नाही, बरीच रिकामीच राहतात. रिकाम्या कवचाचा रुग्णाला उपयोग नाही, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यामुळे विनाकारण चेतू शकते. तेव्हा कुपीत भरलेली किती आणि रिकामी किती, हे मोजावंच लागतं.

हे मोजमाप फार भरवशाने करणारं एक यंत्र म्हणजे विश्लेषक अल्ट्रासेंट्रिफ्यूज. मी या यंत्रावर काम करते. यंत्र महाग आहे, त्यामागचं गणित अवघड आहे, आणि तरीही प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एका अगदी साध्या कारणाने: नमुना ठेवलेली डबी गळते. ती का गळते आणि गळू नये म्हणून काय करायचं, हे नीट समजून घेतलं तर बराचसा नमुना आणि बराचसा मनस्ताप वाचतो.

आधी यंत्राविषयी थोडं

पाण्याची बादली हातात धरून गरगर फिरवली तर पाणी बादलीच्या तळाशी दाबलं जातं आणि सांडत नाही. सेंट्रिफ्यूजचं तत्त्व तेच. द्रवात तरंगणारे कण फिरण्याच्या जोरावर बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. जड आणि आटोपशीर कण लवकर सरकतात, हलके किंवा पसरट कण रेंगाळतात. साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाल्यावर तळाशी काय बसलं ते बघायचं. विश्लेषक अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये कण सरकत असतानाच बघायचे. फिरणाऱ्या डबीतून प्रकाश आरपार जातो आणि दर काही मिनिटांनी कण कुठवर पोचले याची नोंद होते.

ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. स्वीडनमधल्या उप्साला इथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात असं यंत्र उभं केलं. १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. जीवशास्त्राच्या पुस्तकात रायबोसोमपुढे ७०एस, ८०एस असं छापलेलं असतं, त्यातला ‘एस’ म्हणजे स्वेडबर्ग हे एकक. कण किती वेगाने खाली बसतो ते या एककात सांगतात. एक एस म्हणजे सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग. एएव्हीची रिकामी कवचं साधारण ६० ते ६५ एसवर दिसतात, जनुक भरलेली १०० एसच्या आसपास. दोघांत इतकं अंतर आहे म्हणून ती वेगळी ओळखता येतात.

सेल म्हणजे काय

नमुन्याच्या डबीला सेल म्हणतात. शरीरातल्या पेशीशी तिचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं. बाहेरून बघितलं तर ते ॲल्युमिनियमचं बुटकं नळकांडं असतं, साधारण इंचभर व्यासाचं. आत मात्र एकावर एक रचलेल्या बऱ्याच चकत्या असतात.

मधोमध सेंटरपीस. ही बहुधा १२ मिलिमीटर जाडीची चकती असते, कोळशाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीची किंवा टायटॅनियमसारख्या धातूची. तिच्यात आरपार दोन कप्पे कोरलेले असतात. एकात नमुना भरायचा, दुसऱ्यात नमुना ज्यात विरघळवला आहे तो नुसता द्रव, म्हणजे तुलनेला. कप्पे सरळ चौकोनी नसून बाहेरच्या बाजूला किंचित रुंद होत जातात. कण केंद्रापासून बाहेर जाताना एकमेकांपासून फाकत जातात. भिंती समांतर असत्या तर ते भिंतीला धडकले असते. प्रत्येक कप्प्यात जेमतेम ०.४ मिलिलिटर द्रव मावतो.

सेंटरपीसच्या वर एक आणि खाली एक अशा दोन काचा, क्वार्ट्झच्या किंवा नीलमणी स्फटिकाच्या. प्रत्येक काच धातूच्या बैठकीत बसते. काच आणि बैठक यांच्यामध्ये पातळ गॅस्केट आणि कडेने प्लास्टिकची पट्टी असते, काचेला धातूचा धक्का लागू नये म्हणून. ही सगळी चवड नळकांड्यात सरकवायची आणि वरून आट्यांचं कडं पिळून आवळायचं. मग बाजूच्या दोन बारीक छिद्रांतून द्रव भरायचा आणि छिद्रांवर छोटं गॅस्केट ठेवून बूच बसवायचं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सेंटरपीस आणि काच यांच्यामध्ये काहीही चिकटवलेलं नसतं. इपॉक्सीच्या सेंटरपीसला तर मध्ये रबरसुद्धा नसतं. एक सपाट पृष्ठभाग दुसऱ्या सपाट पृष्ठभागावर दाबून धरलेला, एवढंच. काही धातूच्या सेंटरपीसना मध्ये पातळ गॅस्केट लागतं, पण तिथेही काम दाबाचंच. पाणी अडतं ते दोन्ही पृष्ठभाग खरोखर सपाट आणि खरोखर स्वच्छ आहेत म्हणून.

दाब किती असतो?

पोहताना खोल गेलं की कानावर दाब येतो. जितकं खोल, तितकं डोक्यावर पाणी जास्त. सेलमध्ये पाण्याची ‘खोली’ फार तर १२ मिलिमीटर. टेबलावर ठेवलेल्या सेलमध्ये त्याचा दाब न जाणवण्याइतका. पण मिनिटाला ६०,००० फेरे, म्हणजे या यंत्राचा कमाल वेग गाठला, की आसापासून ७.२ सेंटिमीटरवर असलेल्या कप्प्याच्या तळाशी प्रत्येक वस्तूचं वजन जवळजवळ २,९०,००० पट होतं. एक ग्रॅम पाणी २९० किलोचं.

हिशेब केला तर पाण्याची पातळी आसापासून ६ सेंटिमीटरवर आणि तळ ७.२ सेंटिमीटरवर असताना तळाशी दाब ३०० वातावरणांच्या वर जातो, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या ३०० पटींहून जास्त. समुद्रात ३ किलोमीटर खोलीवर असतो तेवढा. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हेही लक्षात ठेवावं. मिनिटाला ३,००० फेरे असताना तो एका वातावरणाहून कमी असतो, ४२,००० ला सुमारे १५०. नेहमीच्या इपॉक्सी सेंटरपीसची मर्यादा ४२,००० फेऱ्यांचीच असते. त्यापुढे जायचं तर धातूचा किंवा वेगळ्या बांधणीचा लागतो. द्रव जड असेल तर दाब त्या प्रमाणात आणखी वाढतो. डीएनएची प्रत कशी बनते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग अशाच यंत्रावर, मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी झाला होता. त्यात सिझियम क्लोराइडचं द्रावण होतं, पाण्याच्या सुमारे १.७ पट जड. दाबही तितकाच पट.

हा दाब फक्त तळावर नसतो, वरच्या-खालच्या काचांवरही असतो. माझ्या ढोबळ हिशेबाने ६०,००० फेऱ्यांना एकेका कप्प्यातलं पाणी प्रत्येक काचेला सुमारे ५० किलोच्या जोराने बाहेर ढकलतं. काच सेंटरपीसपासून दूर लोटली जाऊ नये म्हणून वरचं कडं त्याहून बऱ्याच जास्त जोराने आवळलेलं हवं. म्हणून ते नुसत्या हाताने न आवळता टॉर्क रेंचने आवळतात. किती जोराने पिळलं ते सांगणारा हा पाना. नेहमीच्या सेलसाठी १२० ते १४० इंच-पौंड हा आकडा प्रचलित आहे, म्हणजे साधारण १३.५ ते १६ न्यूटन-मीटर.

पहिला घात चाक फिरण्याआधीच होतो

आता एवढा दाब ऐकल्यावर कुणालाही वाटेल की सेल वेगात असतानाच गळत असणार. माझा अनुभव वेगळा आहे, आणि त्यामागचं कारण समजलं की अर्धा प्रश्न सुटतो.

इतक्या वेगात हवेचं घर्षण परवडत नाही. ७.२ सेंटिमीटरवरचा बिंदू ६०,००० फेऱ्यांना सेकंदाला ४५० मीटर पळत असतो, हवेतल्या आवाजाच्या वेगाहून जास्त. म्हणून सेल बसवलेलं चाक (या चाकाला रोटर म्हणतात) ज्या कक्षात फिरतं तिथली हवा आधी काढून घेतात. बाहेर निर्वात, आणि सेलच्या आत मात्र भरताना कोंडलेली साधी हवा, एका वातावरणाच्या दाबाची. फुगलेली सायकलची ट्यूब बाहेर ढकलते तशी ही हवा आतून ढकलायला लागते.

रोटर थांबलेला असताना सेल आडवी पडलेली असते, म्हणजे एक काच खाली आणि एक वर. द्रव खालच्या काचेवर पसरून जवळजवळ सगळा कप्पा भरतो आणि भरण्याच्या छिद्राच्या तोंडाशीही येऊन उभा राहतो. बुचाखालचं गॅस्केट थोडं जरी वाकडं बसलं असेल तर आतली हवा त्या फटीतून द्रवच बाहेर लोटते. निर्वातात गेलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, कारण २० अंश सेल्सिअसला पाणी उकळू नये म्हणून पाऱ्याच्या १७.५ मिलिमीटर उंचीएवढा तरी दाब लागतो आणि कक्षात त्याचा शेकडोवा भागही नसतो.

पुढे रोटर फिरू लागला की चित्र उलटतं. भरण्याची छिद्रं आसाच्या बाजूला असतात, द्रव फेकला जातो बाहेरच्या बाजूला. आता छिद्रापाशी द्रव नाहीच, फक्त हवा आणि वाफ. बूच सैल असेल तर हवा निघून जाते आणि मग द्रव हळूहळू वाफ होऊन चोरपावलाने कमी होत राहतो. सेंटरपीस आणि काच यांच्यामधली फट मात्र वेगात जास्त घातक ठरते, कारण तिथे दाब शेकडो वातावरणांचा.

म्हणून गळती दिसली की आधी विचारायचं: कधी सुरू झाली? नुसत्या निर्वातात की वेग वाढल्यावर? निर्वातात सुरू झाली असेल तर संशय बुचावर. वेगाबरोबर वाढत गेली तर काच, सेंटरपीस किंवा आवळणी यांच्यावर. ही विभागणी शंभर टक्के काटेकोर नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

एक धागा

सुरुवातीच्या दिवसांतली एक रात्र मला अजून आठवते. चार दिवस चालणारा प्रयोग लावायचा होता. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेने कष्टाने शुद्ध करून पाठवलेला, मोजून दोन सेलपुरता. मी सेल जुळवली, ठरलेल्या जोराने आवळली, भरली, यंत्रात ठेवली. रोटर ३,००० फेऱ्यांवर आल्यावर एकदा पडद्यावर बघितलं. पातळी जागच्या जागी होती, म्हणून लगेच वेग वाढवून घरी गेले. सकाळी आले तेव्हा एका सेलमधल्या दोन्ही कप्प्यांच्या पातळ्या एकाच रेषेवर आल्या होत्या. भरताना मी तुलनेच्या कप्प्यात थोडं जास्त भरलं होतं, म्हणजे दोन रेषा वेगळ्या दिसायला हव्या होत्या.

सेल उघडून काच भिंगाखाली धरली. दोन कप्प्यांच्या मधल्या अरुंद भिंतीवर पुसायच्या कागदाचा एक धागा आडवा पडला होता. पापणीच्या केसाहून बारीक. काच सेंटरपीसवर टेकली होती ती त्या धाग्यावर, आणि धाग्याच्या दोन्ही अंगांनी पाण्याला वाट मिळाली होती. एकमेकांना जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी जसं समपातळीवर येतं तसं ते आलं. नमुना आणि तुलनेचा द्रव एकमेकांत मिसळून गेले होते. बाहेर एक थेंबही सांडला नव्हता, म्हणून वजनही बदललं नव्हतं. अशी आतल्या आत होणारी गळती सगळ्यात फसवी. ती फक्त पातळ्यांतल्या फरकावरून पकडता येते. म्हणून तुलनेच्या कप्प्यात थोडं जास्त भरण्याची सवय कधी सोडू नये.

तेव्हापासून मी काचेची आणि सेंटरपीसची प्रत्येक बाजू जोडण्याआधी दिव्याखाली तिरकी धरून बघते. प्रकाश तिरका पडला की धूळ, धागा, बोटाचा ठसा, सुकलेल्या मिठाचा डाग सगळं उठून दिसतं. कोरडी स्वच्छ हवा फुंकून उडवायचं, आणि न उडालं तर पुन्हा धुऊन धागे न सोडणाऱ्या कागदाने टिपायचं. एका सेलला पाच मिनिटं जास्त लागतात.

चरे पडतात ते आपल्याच हातून

धूळ पुसता येते, चरा पुसता येत नाही. इपॉक्सीच्या सेंटरपीसवर नखाला जाणवेल असा चरा कप्प्याच्या कडेपासून बाहेरपर्यंत गेला असेल तर ती पाण्यासाठी खोदलेली नालीच आहे. असे चरे यंत्र पाडत नाही. धातूच्या चिमट्याने सेंटरपीस उचलणं, काचेवर काच ठेवून देणं, भरताना सुईचं टोक आत खरवडणं, सगळे सुटे भाग एकाच भांड्यात टाकून धुणं, यांतून ते पडतात. भरायला बोथट टोकाची सुई किंवा पिपेटचं लांब मऊ टोक वापरावं. सुटे भाग मऊ कापडावर वेगवेगळे मांडावेत. काचेच्या कडेला टवका उडालेला असेल तर ती काच मनात न घुटमळता बाजूला काढावी. टवक्यापासून सुरू झालेली भेग दाबाखाली वाढत जाते.

धुताना काय वापरतो यालाही महत्त्व आहे. तीव्र सेंद्रिय द्रावकांनी इपॉक्सी खराब होते आणि तीव्र अल्कली ॲल्युमिनियमचं नळकांडं खाते. बहुतेक नमुन्यांना सौम्य साबणाचं पाणी आणि नंतर भरपूर शुद्ध पाणी पुरतं. प्रयोग संपल्यावर सेल तशीच ठेवून दिली तर मीठ सुकून फटींत खडे धरतं, म्हणून त्याच दिवशी उघडून धुवावी.

“मग अजून घट्ट आवळा ना!”

हे मी जवळजवळ प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून ऐकलं आहे. नळ ठिबकायला लागला की आपण तो जोरात पिळतो. एखादा दिवस ठिबकणं थांबतं, मग वायसर चिरडून नळ कायमचा वाहायला लागतो. सेलचंही तसंच.

काच आणि सेंटरपीस यांच्यामध्ये धागा अडकला असेल तर जास्त जोराने आवळून धागा नाहीसा होत नाही. काच त्या जागी वाकते, आणि प्रकाशाची वाटही वाकडी होते. इपॉक्सीचा सेंटरपीस हळूहळू दबून कायमचा बेढब होतो. आटे झिजतात, मग पान्यावर आकडा पुरेसा दिसतो पण त्यातला बराचसा जोर आट्यांच्या घर्षणातच जातो, काचेपर्यंत पोचतच नाही. १४० पर्यंत आवळूनही गळत असेल तर दोष आवळण्यात नाही. सेल उघडून कारण शोधायचं.

आवळायचं कसं हे मात्र महत्त्वाचं आहे. एका दमात शेवटच्या आकड्याला जाऊ नये. मधल्या गॅस्केट आणि प्लास्टिकच्या पट्ट्या दाबाखाली सावकाश बसतात. आधी निम्म्याच्या आसपास आवळावं, काही मिनिटं थांबावं, मग पुढे न्यावं, पुन्हा थांबून शेवटचा आकडा तपासावा. बऱ्याचदा थांबल्यावर कडं अजून थोडं फिरतं. ते थोडं फिरणं राहून गेलं असतं तर यंत्रात सेल तेवढीच सैल राहिली असती.

बुचाच्या बाबतीत चूक नेहमी उलट्या दिशेने होते. बूच लहान, पेचकस मोठा, आणि हात जोर लावतो. छोटं गॅस्केट मधून फुगून कडेला फाटतं. बूच टेकलं की त्यापुढे थोडंसंच फिरवायचं. गॅस्केट दर वेळी नवीन घ्यायचं. एकदा दबलेल्या गॅस्केटवर जुन्या बुचाची खूण असते, आणि ती खूण नव्या जागी जुळत नाही. बूच लावण्याआधी छिद्राच्या तोंडाशी थेंब राहिला असेल तर तो टिपून घ्यावा, कारण ओल्या तोंडावर गॅस्केट घसरतं आणि थेंबाची वात होऊन द्रव बाहेर ओढला जातो.

“वंगण लावलं तर फट बुजेल की”

वंगण लावायचं, पण कड्याच्या आट्यांना. त्याने घर्षण कमी होतं आणि पान्यावरचा आकडा खरा ठरतो. कोरड्या आट्यांवर १२० दाखवणारी सेल प्रत्यक्षात ढिली असू शकते.

काच आणि सेंटरपीस यांच्यामध्ये मात्र ग्रीस लावू नये, असं माझं ठाम मत आहे. ग्रीसचा अंश नमुन्यात उतरतो. प्रथिनं त्याला चिकटतात. आणि आपण ज्या अतिनील प्रकाशाने मोजतो तोच प्रकाश बरीच ग्रीस शोषून घेतात, म्हणजे मोजमापातच ढवळाढवळ. ग्रीसने फट झाकली जाईल, पण फट का पडली ते कधी कळणार नाही.

“थोडं गळलं तर काय बिघडतं?”

थोडं म्हणजे किती, ते बघू. कप्प्याचा आडवा छेद ६ सेंटिमीटरवर साधारण ०.३ चौरस सेंटिमीटर असतो. त्यामुळे ३ मायक्रोलिटर द्रव गेला की पातळी ०.१ मिलिमीटरने बाहेर सरकते. टेबलावर हा थेंब नजरेत भरणार नाही. पण कण किती वेगाने सरकला हे मोजताना सुरुवात कुठून झाली हे त्या पातळीवरूनच धरतात. पातळी ६.०० सेंटिमीटरवर होती ती ६.०१ वर धरली, आणि कणांची रांग ६.५ सेंटिमीटरवर पोचलेली असेल, तर उत्तरात सुमारे २ टक्क्यांची चूक पडते. अर्धवट भरलेली कवचं रिकाम्यांपासून वेगळी ओळखायची असतील तेव्हा २ टक्के ही क्षुल्लक गोष्ट नाही.

शिवाय पातळी प्रयोगभर सरकत राहिली तर चूक एकसारखीही राहत नाही, म्हणजे नंतर दुरुस्त करण्याची सोय गेली. पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे द्रावण दाट होतं. कित्येक दिवस चालणाऱ्या समतोलाच्या प्रयोगांत कण एका जागी स्थिरावणं अपेक्षित असतं. गळणाऱ्या सेलमध्ये ते कधीच स्थिरावत नाहीत.

यंत्राचंही नुकसान होतं. समोरासमोरच्या सेलची वजनं अर्ध्या ग्रॅमच्या आत जुळवलेली असतात. एक रिकामी झाली तर रोटर डगमगतो आणि यंत्र स्वतःला बंद करतं. बाहेर पडलेलं मीठ भिंगांवर आणि आरशांवर बसतं. आणि नमुना विषाणूंचा किंवा रोगजंतूंशी संबंधित असेल, तर उघडताना समोर बसलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

(एक जाता जाता: मुद्दाम गळणारे सेंटरपीसही असतात. दोन कप्प्यांमध्ये केसासारखी बारीक खाच ठेवलेली असते. कमी वेगात पृष्ठताणामुळे द्रव अडतो आणि ठरावीक वेग गाठला की एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहतो. नमुन्यावर अलगद दुसरा द्रव पसरवायला त्याचा उपयोग होतो. त्या सेंटरपीसने पातळ्या जुळल्या म्हणून घाबरायचं कारण नाही.)

गळती आधीच कशी पकडायची

यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. वजनकाटा, घड्याळ आणि थोडा धीर पुरतो.

भरलेली सेल यंत्रात ठेवण्याआधी मिलिग्रॅमपर्यंत तोलून वहीत लिहायची. प्रयोगानंतर पुन्हा तोलायची. एक मायक्रोलिटर पाणी म्हणजे एक मिलिग्रॅम, त्यामुळे बाहेर गेलेला प्रत्येक थेंब काट्यावर दिसतो. सेल भरल्यावर दहा मिनिटं टेबलावर ठेवून काचेतून बघायचं. सेंटरपीस आणि काच यांच्यामध्ये द्रव शिरत असेल तर ओलसर गडद पट्टा कप्प्याच्या कडेपासून बाहेर पसरताना दिसतो. तो दिसला की पुढे जाण्यात अर्थ नाही. नमुना काढून घ्यावा, तो अजून शाबूत आहे.

मग निर्वात. कणांचा वेग तापमानावर अवलंबून असल्याने प्रयोगाआधी रोटर आणि सेल ठरलेल्या तापमानाला यायला एक-दोन तास द्यावेच लागतात, तेही निर्वातात, रोटर न फिरवता. हा वेळ वाया जातो असं अनेकांना वाटतं. खरं तर तीच गळतीची पहिली परीक्षा आहे, आणि ती फुकट होते. कक्षातला दाब नेहमीपेक्षा सावकाश उतरतोय किंवा एका आकड्यावर अडकून राहिलाय, तर कुठून तरी वाफ येते आहे.

त्यानंतर ३,००० फेऱ्यांना दोन नोंदी, मध्ये किमान पंधरा-वीस मिनिटं अंतर ठेवून. त्या रात्री मी एकच नोंद बघितली होती. एका नोंदीत पातळी कुठे आहे एवढंच कळतं, ती सरकते आहे का हे कळायला दुसरी लागते. पडद्यावर पातळी टोकदार सुळक्यासारखी दिसते. दोन नोंदींतले सुळके एकमेकांवर तंतोतंत बसले तरच वेग वाढवायचा. तुलनेच्या आणि नमुन्याच्या सुळक्यांमधलं अंतर भरताना ठेवलं तेवढं आहे ना, तेही बघायचं. ३,००० ला दाब कमी असल्याने काचेची फट इथे लपू शकते, म्हणून पूर्ण वेगाला पोचल्यावर पहिल्या चार-पाच नोंदींवर नजर ठेवूनच खुर्चीवरून उठावं.

नमुना दुर्मीळ असेल तर आदल्या दिवशी त्याच सेलमध्ये नुसतं पाणी भरून पूर्ण वेगाने तासभर फिरवावं. यातली मेख एकच: पाण्याने तपासलेली सेल उघडून पुन्हा जुळवली तर ती तपासणी बाद. पाणी सुईने काढून घ्यायचं, कप्पे बुचांच्या छिद्रांतूनच कोरडे करायचे, कडं हलवायचं नाही.

चालू प्रयोगात गळालीच तर

पातळी सरकताना दिसली तर लगेच ठरवावं लागतं. बाकीच्या सेलमध्ये मौल्यवान नमुना असेल आणि गळती मंद असेल, तर त्या प्रयोगापुरतं यंत्र चालू ठेवण्याचा मोह होतो. सेल भराभर रिकामी होत असेल किंवा निर्वात बिघडत असेल तर थांबवावं. नमुना घातक असेल तर मंद गळतीलाही थांबवावं, यात तडजोड नको.

रोटर पूर्ण थांबल्यावर निर्वात सोडून झाकण लगेच उघडू नये, बाहेर पडलेल्या थेंबांचे तुषार बसायला वेळ द्यावा. हातमोजे घालून रोटर काढावा. गळलेली सेल रोटरच्या ज्या भोकात बसली होती ते भोक आणि त्याचा तळ ओल्या कापडाने पुसून मग कोरडा करावा. भोकात मीठ राहिलं तर पुढच्या वेळी सेल तिथे वाकडी बसते. सेल न उघडता तोलावी. वजन घटलं असेल तर द्रव बाहेर गेला, वजन तेवढंच आणि पातळ्या सारख्या झाल्या असतील तर मधल्या भिंतीवरून गेला. मग कडं सोडताना किती जोर लागतो ते पान्यावर बघावं. फार सहज सुटलं तर आवळणी कमी पडली होती. शेवटी चवड सावकाश, एकेक थर उचलत सोडवावी आणि ओल कुठल्या थरावर आहे ते बघावं, कारण पुसल्यावर तो पुरावा परत मिळत नाही. आमच्याकडे प्रत्येक सेंटरपीसच्या कडेला क्रमांक कोरलेला आहे आणि वहीत त्याच्यासमोर ओल कुठे सापडली ते लिहिलेलं असतं. ७ क्रमांकाच्या सेंटरपीसपुढे तीनदा एकच जागा लिहिली गेली, आणि भिंगाखाली तिथे केसाएवढी भेग सापडली.